अडीचशे ग्रॅम पाणी कुठं गेलं

फिजिक्सच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती, असं विचारलं तर प्राध्यापक मंडळी कपाटातल्या स्पेक्ट्रोमीटरकडे बोट दाखवतात. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे प्रयोगशाळा सहायकाची वही. माझी निळ्या पुठ्ठ्याची होती आणि ती मी घरच्या रेशनकार्डापेक्षा जास्त जपली.

बाहेरच्या माणसाला आमचं काम समजावून सांगायला हवं. सहायक म्हणजे उपकरणं पुसणारा, पारा सांडला तर गोळा करणारा, स्टोव्हला पिन मारणारा आणि पोरांचा मामा. पोरं प्रयोग करतात म्हणजे उपकरणावर रीडिंग घेतात, सूत्रात घालतात आणि उत्तर काढतात. पण उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं. त्याच्या जवळ आलं तर मार्क, लांब गेलं तर लाल शाई. मग शहाणी पोरं उत्तरापासून सुरुवात करतात आणि मागं मागं जात रीडिंग तयार करतात. हा उलटा प्रयोग महाराष्ट्रात कुठं चालत नसेल तर मला कळवावं, मी येऊन त्या कॉलेजच्या पाया पडेन. परीक्षेच्या दिवशी पोरगं हळूच यायचं, "मामा, किती आणायचंय?" मी वही न उघडता सांगायचो. कुठल्या डब्याला किती, कुठल्या भिंगाला किती, सगळं पाठ. पोरं पास व्हायची आणि मला वाटायचं, गायकवाड, तू पुण्य करून राहिलास.

ही वही मी नांदेडला तयार केली होती. तिथल्या कॉलेजात आठ वर्षं काढून संस्थेच्या लातूरच्या कॉलेजात बदलून आलो तेव्हा वही बरोबर आणली. पहिल्याच वर्षी परीक्षेला हवेचा दाब मोजायचा प्रयोग आला. पोरांनी विचारलं, मी सांगितलं, "त्र्याहत्तर." बाहेरून आलेले परीक्षक पेपर बघत होते. बघता बघता उठले, भिंतीवरच्या बॅरोमीटरपुढं चष्मा लावून उभे राहिले. पारा एकाहत्तरच्याही खाली होता. लातूर नांदेडपेक्षा बरंच उंचावर आहे, तिथं हवा विरळ, त्यामुळं दाब कमी. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. परीक्षक माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "मामा, अख्खी बॅच नांदेडला बसून प्रयोग करून आली काय?"

लाज वाटली का? वाटली. पण शहाणपण काय आलं म्हणाल तर एवढंच, की दुसऱ्या दिवशी मी वहीत 'लातूर' नावाचं नवं पान काढलं. पाणी नांदेडला नव्व्याण्णवला उकळतं, लातुरात अठ्ठ्याण्णवला, हेही तेव्हाच तपासून लिहिलं. मला त्यातली गंमत फार वाटली. तेच पाणी, तोच स्टोव्ह, गाव बदललं की उकळणं बदलतं. पण गंमत वाटणं वेगळं आणि खोड मोडणं वेगळं.

आता महादेवीची गोष्ट. ती घडली तेव्हा लातूर जिल्हा उस्मानाबादेपासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांना रंग लागत होता. गावात ओलं म्हणाल तर तेवढंच, कारण दुष्काळ पडला होता. कॉलेजची विहीर कोरडी होती. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, कधी एकदाच. पाण्याची वाफ करून गार करायचे सगळे प्रयोग बंद. प्रयोगशाळेच्या नळाला मी फडकं बांधून ठेवलं होतं, म्हणजे सवयीनं कुणी फिरवू नये.

आमचे विभागप्रमुख पाठक सर. जिन्याशेजारी त्यांचा एक फळा होता. त्यावर वर्तमानपत्रातली कात्रणं टाचलेली असायची: कुठल्या संस्थेत संशोधनाला जागा आहेत, अर्ज कधीपर्यंत, कुणाला विद्यावेतन मिळतं. पोरं त्या फळ्याखाली बसून डबे खायची, वर कुणी बघायचं नाही. बँकेची जाहिरात मात्र लावली की अर्ध्या तासात कुणीतरी फाडून न्यायचं.

त्या वर्षी सरांनी बंगलोरच्या एका संस्थेचं कात्रण लावलं. बीएस्सीनंतर मोजकी मुलं निवडायची, पुढं एमएस्सी आणि तिथूनच संशोधन. विषय होते थर्मोडायनॅमिक्स, अतिशीत तापमान आणि क्वांटम. टाचण्या मी देत होतो, म्हणून विचारलं, "सर, हे क्वांटम म्हणजे काय असतं? बावीस कपाटं पुसली, कुठं दिसलं नाही."

सर म्हणाले, "गायकवाड, ऊर्जा सुटी मिळत नाही. आडतीवर ज्वारी पोत्यानं देतात तशी निसर्ग ऊर्जा बांधून देतो. अर्धं पोतं मागितलं तरी देत नाही. पोतं इतकं बारीक असतं की एरवी कळत नाही. पण वस्तू गार करत करत पार खाली नेली, म्हणजे शून्याखाली पावणेतीनशेच्या जवळ, की मग हे नियम उघड्या डोळ्यांना दिसतात. हेलियम नावाचा वायू आहे. तो तिथं पातळ होतो आणि भांड्याच्या भिंतीवरून आपोआप वर चढून बाहेर येतो."

"पंपाशिवाय?"

"पंपाशिवाय."

"मग सर, तेवढं नगरपालिकेला कळवा की!"

सर हसले. माझ्या मागं उभी असलेली एक पोरगी हसली नाही. ती कात्रण वाचत होती. ही महादेवी शेटकार, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची, देवणीची. घरी बी-बियाणं आणि किराण्याचं दुकान. वर्गात फारशी बोलायची नाही, पण प्रयोगाला आली की तिचा मला त्रास असायचा. ती मला कधीच "किती आणायचंय" असं विचारत नसे. आलेलं लिहायची. दरवेळी दोन मार्क कमी घ्यायची.

अर्जाबरोबर स्वतः केलेल्या एखाद्या छोट्या प्रयोगाची वही मुलाखतीला आणा, असं कात्रणात होतं. महादेवीनं विषय निवडला माठ. हा विषय तिला होस्टेलात सापडला. तिथं पाण्यावरून भांडणं चालायची. निम्म्या पोरी म्हणायच्या माठ पाणी पितो, दुष्काळात पाणी पितळेच्या घागरीत ठेवा. बाकीच्या म्हणायच्या, कोमट पाण्यानं तहान भागत न्हाई, मग जास्तच प्यावं लागतं. तिनं ठरवलं, मोजून बघायचं. गारवा मिळवण्यासाठी माठ पाण्याची किती किंमत घेतो?

सर खूश झाले. ते म्हणाले, हेच थर्मोडायनॅमिक्स. पाणी माठाच्या भोकांतून झिरपतं, उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. फुकट काही नाही.

वजनाला मोठा तराजू हवा होता. तिचे वडील स्वतः देवणीहून एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, धोतर स्वच्छ. आल्या आल्या लिंगायती रिवाजानं हात जोडून म्हणाले, "शरणार्थी, मामा. दुकानातला हाय, पण पन्नास ग्रॅमला झुकतो. कुणी बोट लावू नका म्हंजे झालं."

मी चहा पाजला. ते जरा वेळानं म्हणाले, "पोरीचं कसं वाटतंय तुमाला? म्या तिला सांगितलंय, यंदा बंगलोरला नाव लागलं तर खुशाल जा. न्हाई लागलं तर नांदेडला बीएडची जागा धरून ठेवलीय, मास्तरीण हो. दोन्ही दगडांवर पाय ठेवून बसायला आपल्याला जमायचं न्हाई."

"अप्पा, बीएड काय वाईट हाय?"

"वाईट कामून? पर तिला आत काय चाललंय ते बघायचा नाद हाय. धाकटी असताना काटा लटकतो कामून म्हणून तराजू सोडवून बसली होती."

म्हणजे तिला एकच संधी होती, आणि ती या माठावर आणि एका वहीवर अवलंबून होती. हे मला तेव्हापासून माहीत होतं. तरीही पुढचं घडलं.

प्रयोग सुरू झाला. रोज सकाळी दहा किलो पाणी भरून माठाचं वजन, संध्याकाळी पुन्हा वजन, आतल्या पाण्याचं तापमान, हवेचं तापमान, आणि हवा किती कोरडी ते कळायला ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरचं तापमान. दुसऱ्या दिवशी तेच पाणी परत वापरायचं, उडालेलं तेवढं घालायचं. तिनं पाटी लावली: 'प्रयोग चालू आहे. पाणी पिऊ नये.' किल्ली माझ्याकडे. राखणदार मी.

एप्रिलातला एक दिवस. टँकर तीन दिवस आला नव्हता. आमच्या घरी बायको तापानं पडलेली. सकाळी एक तांब्या होता तो तिच्या उशाला ठेवून मी तसाच आलो होतो. दुपारी जिना झाडणाऱ्या कौसाबाई दाराशी आल्या. "मामा, घोटभर द्या. जीभ टाळ्याला चिकटली." मी पाटीकडं बोट दाखवलं. "प्रयोगाचं हाय बाई. मोजून ठेवलंय." त्या पदरानं तोंड पुसून खाली गेल्या. त्यानंतर मी दार लोटलं आणि माठातलं एक पेला पाणी प्यालो.

इतक्या वर्षांनी लिहितानाही हात थांबतो. पाणी प्यालो याची लाज कमी आहे. कौसाबाईंना नाही म्हणून मग प्यालो, याची जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी परत प्यालो. एकदा कुंपण ओलांडलं की पाय सरावतो. तिसऱ्या दिवशी मात्र पेला तोंडाजवळ नेला आणि जाईना. खाली गेलो, कौसाबाईंना हाक मारली, वर आणून आधी त्यांना दिलं, मग मी घेतलं. त्यांनी विचारलं, "अन् ह्या पोरीचा प्रयोग?" मी म्हटलं, "काय न्हाई होत." चौथ्या दिवशी टँकर आला.

व्हायचं ते झालंच होतं. महादेवीनं आलेख काढला तेव्हा सगळे दिवस एका ओळीत बसले आणि तीन दिवस ओळ सोडून वर गेले. त्या दिवशी पाणी जास्त गेलेलं. ती रोज दुपारी त्या आलेखापुढं पेन्सिल चावत बसायची. एकदा मला विचारलं, "मामा, त्या तीन दिवशी वारं लई होतं का?"

"आसंल," मी म्हणालो.

"खिडकी उघडी होती का?"

"आसंल बाई. ध्यानात न्हाई."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि मान खाली घातली.

मुलाखतीचं पत्र काही येईना. दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद होता, तिनं अर्जात तोच लिहिला होता. त्यामुळं पत्र आधी जुन्या जिल्ह्यात फिरून आलं. हातात पडलं तेव्हा निघायला दोनच दिवस उरले होते. तिची कच्ची वही पाण्याच्या डागांनी भरलेली, खाडाखोड केलेली. सर म्हणाले, "गायकवाडांचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्यांच्याकडून पक्की वही करून घे."

मी दिवसभर बसलो. काळी शाई, लाल समास, प्रत्येक आकडा देवनागरीत गोल. आणि त्या तीन दिवसांपाशी आलो तसा थांबलो. मला तर माहीत होतं काय झालं ते. एक पेला अडीचशे ग्रॅम. मी संध्याकाळच्या वजनात अडीचशे मिळवले, दुसऱ्या दिवशीच्याही वजनात मिळवले, तिसऱ्या दिवशी पाचशे. तिन्ही दिवस ओळीत येऊन बसले. मी मनाशी म्हणालो, यात खोटं काय आहे? उलट चूक होती ती दुरुस्त केली. आता बंगलोरवाले वही बघतील, एकही आकडा इकडंतिकडं नाही, पोरीला उचलून घेतील. आयुष्यभर पोरांना उत्तर सांगत आलो, हिला तेवढं राहिलं होतं. तेही सांगून टाकलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती आणि अप्पा वही न्यायला आले. खाली रिक्षा उभी, गुलबर्ग्याची एसटी गाठायची, तिथून रेल्वे. महादेवीनं पक्की वही चाळली. तिचं बोट त्या पानावर थांबलं.

"मामा, हे तीन आकडे माझे न्हाईत."

"लिहिताना चुकलं आसंल."

"तिन्ही चुकले? अन् तिन्ही बरोबर ओळीत आले?"

मी दौतीचं झाकण लावत बसलो. सर मध्ये पडले. त्यांनाही घाई होती. "महादेवी, खाडाखोड करू नकोस आता. ही वही स्वच्छ आहे, हीच ने. मुलाखत अर्ध्या तासाची असते, ते काही आकडा आकडा तपासत नाहीत."

अप्पांनी दोन्ही वह्या हातात घेतल्या. डागांची आणि मोत्यांची. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "ह्यातली तराजूची कुठली?"

महादेवीनं कच्ची वही घेतली. पक्की टेबलावर ठेवली, माझ्याकडं न बघता "येते मामा" म्हणाली आणि जिना उतरली. रिक्षा गेली. मी खिडकीत उभा राहिलो. मला कळत होतं की आता ती तिथं उभी राहणार, ते त्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवणार, आणि पोरगी वाऱ्याबद्दल आणि खिडकीबद्दल काहीतरी सांगत सुटणार. माझ्या तीन दिवसांच्या तहानेपायी तिला नांदेडला जावं लागणार. पळत जाऊन सांगता आलं असतं. रिक्षा काही इतक्या जोरात पळत नव्हती.

पुढचे दिवस मी फक्त टपालाकडं बघत काढले. महिन्याभरानं पत्र आलं, या खेपेला थेट जिल्हा लातूरला. तिची निवड झाली होती. सरांनी ते पत्र फळ्यावर टाचलं. त्या दिवशी पहिल्यांदा पोरांनी डबे खाताना वर बघितलं.

जायच्या आधी महादेवी तराजू न्यायला आली. तिनं दिलेला पेढा मी घेतला, तोंडभर आशीर्वाद दिला, आणि शेवटी न राहवून विचारलं, "ते तीन ठिपके... त्यांनी काय विचारलं न्हाई?"

"अर्धा तास तेच विचारलं," ती म्हणाली. "म्हणाले, हे तीन दिवस काढून का टाकले नाहीत? मी सांगितलं, त्या दिवशी पाणी खरंच गेलंय, काढून कसं टाकू? मग म्हणाले, कुठं गेलं? मी सांगितलं, कुणीतरी प्यालं."

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"माठानं." ती अगदी साधेपणानं म्हणाली. "अडीचशे ग्रॅम पाणी उडालं असतं तर जाताना उष्णता घेऊन गेलं असतं. मी फळ्यावर मांडून दाखवलं. दहा किलो पाणी आणखी चौदा अंशांनी गार व्हायला पायजे होतं. म्हंजे दहा अंशांवर आलं असतं. एप्रिलात, लातुरात! पण तापमान रोजच्यासारखंच होतं. पाणी गेलं, गारवा वाढला न्हाई. म्हंजे ते उडालं न्हाई. गळलं म्हणावं तर गळका माठ तीनच दिवस गळत न्हाई. मग एकच राहतं."

"तू हे कधी शोधलंस?"

"तुम्हाला वाऱ्याचं विचारलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"अन् मला बोलली न्हाईस?"

ती गोंधळली. तिला माझा प्रश्नच चमत्कारिक वाटला असावा. "कसं विचारणार मामा? दुष्काळात पाणी पिलं का, असं कुणाला विचारतात का?"

मी स्टुलावर बसलो आणि रडलो, हे लिहायला आता हरकत नाही. तिनं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशी पाचशे गेलं होतं. म्हंजे दोघं जण. ते बघून मला बरं वाटलं होतं, मामा. वाटलं, चला, एकट्यानं न्हाई पिलं."

"कौसाबाई होत्या," मी म्हणालो. "पहिल्या दिवशी त्यांना मी नाही म्हणालो होतो."

तराजूची पारडी एकात एक ठेवत ती म्हणाली, "साहेबांनी शेवटी विचारलं, प्यालं कोण? मी म्हणाले, वहीत नोंद न्हाई, म्हणून सांगता येत न्हाई. ते म्हणाले, नोंद हवी होती."

तिच्या पिशवीतून तिनं ती डागाळलेली वही काढली, ते पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. बाकी सगळ्या दिवशी काही ना काही लिहिलेलं होतं: ढगाळ, वारा, दार उघडे. त्या तीन दिवसांपुढं रकाना कोरा होता. तिनं पेन माझ्यापुढं धरलं. मागितलं नाही, नुसतं धरलं.

मी पहिल्या दोन दिवसांपुढं लिहिलं, 'पाणी गायकवाडने प्यायले.' तिसऱ्यापुढं लिहिलं, 'कौसाबाई, आणि मग गायकवाड.' अक्षर मोत्यासारखं आलं नाही. तिनं शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, वही मिटली आणि ती बंगलोरला घेऊन गेली.